वाचक विचारतात : बार्शी लाइटवरची छोटी स्टेशनं

कुर्डुवाडीहून एका अंगाला बार्शी-लातूर आणि दुसऱ्या अंगाला पंढरपूर-मिरज अशी 'बार्शी लाइट'ची अरुंद रुळांची गाडी धावत असे. या मार्गावरच्या लहान स्टेशनांबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

स्टेशनला नाव आमच्या गावाचं, पण स्टेशन गावापासून अडीच किलोमीटर लांब, ओढ्याकाठी. जुनी माणसं सांगतात की पाटलांनी जमीन द्यायला नकार दिला, म्हणून रूळ लांबून गेले. हे खरं असेल का?

ही गोष्ट महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ऐकायला मिळते. ब्रिटिश मुलखात 1894 चा भूसंपादन कायदा लागू होता. एका पाटलाच्या नकाराने रूळ वळत नसत. कारण बहुतेक वेळा जमिनीच्या चढ-उतारात आणि इंजिनाच्या गरजेत सापडतं. छोटं स्टेशन गावासाठी कमी आणि गाडी चालवण्याच्या सोयीसाठी जास्त बांधलं जाई. हे लक्षात ठेवलं की जागेचं कोडं सुटायला लागतं.

पहिली गरज सपाट जागेची. स्टेशनच्या आवारात वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, सोडून ठेवावे लागतात आणि उतार असला तर ते आपसूक घरंगळतात. ब्रॉडगेजचा आजचा नियमसुद्धा सांगतो की स्टेशनच्या आवारात 400 मीटरला 1 मीटरपेक्षा जास्त चढ नको आणि शक्यतो 1200 ला 1 इतकाच असावा. बालाघाटाच्या पायथ्याशी असलेल्या गावाजवळ अशी लांबलचक सपाटी मिळणं अवघड. गाव टेकाडावर वसलेलं असतं आणि सपाटी खाली ओढ्याच्या बाजूला असते.

दुसरी गरज पाण्याची. वाफेचं इंजिन ठरावीक अंतरावर पाणी घेतल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. त्यामुळे बारमाही विहीर जिथे लागेल, तिथे उंच चौथऱ्यावर टाकी बांधत. स्टेशन ओढ्याकाठी असेल तर आधी जुनी विहीर शोधा. ती घडीव दगडात बांधलेली असेल आणि तिच्या काठाशी पंप बसवण्याचा चौथरा किंवा लोखंडी नळ दिसत असेल, तर तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

तिसरी गरज क्रॉसिंगची. रूळ एकेरी असल्याने समोरून येणारी गाडी कुठेतरी बाजूला घ्यावीच लागते. समजा दोन क्रॉसिंग स्टेशनांमध्ये 15 किलोमीटर अंतर आहे आणि गाडीचा वेग ताशी 25 किलोमीटर. एका गाडीला 36 मिनिटं लागतात आणि ती पोचेपर्यंत समोरची गाडी सुटू शकत नाही. जाऊन-येऊन तो टप्पा सव्वा तास अडकला. मधोमध एक लूप, म्हणजे गाडी बाजूला घ्यायची जोडलाइन, टाकली की हाच वेळ निम्म्यावर येतो. म्हणून रानात, जवळ वस्ती नसतानाही स्टेशन दिसतं. अशा ठिकाणी नाव शेजारच्या गावाचं देऊन टाकत. मोठ्या गावाकडे जाणारी वाट जिथे रुळांना मिळते तिथे 'रोड' जोडत, जसं कळंब रोड किंवा जत रोड. खुद्द कुर्डुवाडीचं जुनं नाव बार्शी रोड. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे तिथे 1859 मध्ये पोचली आणि त्यानंतरची जवळजवळ चार दशकं बार्शीचा कापूस आणि गळीत धान्य बैलगाड्यांवरून तिथपर्यंत येत राहिलं.

पाटलांची गोष्ट खोटी म्हणून टाकून मात्र देऊ नका. लिहून ठेवा. संपादनाच्या मोबदल्यावरून वाद खरोखर होत, आणि त्याचा माग जमिनीच्या कागदांत लागू शकतो.

आमच्या जुन्या घराच्या माळवदाला रुळांचे तुकडे आडवे टाकले आहेत. ते बार्शी लाइटचेच आहेत हे कसं ओळखायचं?

मोजपट्टी आणि वजनकाटा असला तर बरंच कळतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने ही रेल्वे आखली. त्याचा सगळा हिशेब एका आकड्यावर उभा होता : इंजिन असो की वाघीण, कुठल्याही एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, 5 टनांपेक्षा जास्त भार यायचा नाही. एवढ्याच भारासाठी दर यार्डाला 30 पौंड वजनाचा हलका रूळ पुरेसा होता. 1897 मध्ये उघडलेल्या बार्शी रोड ते बार्शी या सुमारे 21 मैलांच्या पहिल्या टप्प्यावर असेच रूळ होते.

30 पौंडी रूळ म्हणजे मीटरला जवळपास 14.9 किलो. फुटाला साडेचार किलो धरा. तीन मीटरचा तुकडा सुमारे 45 किलोचा भरतो, दोन माणसं तो सहज उचलतात. त्याची उंची 75 मिलिमीटरच्या आसपास असते. आजचा मीटरला 52 किलोचा ब्रॉडगेज रूळ 156 मिलिमीटर उंच असतो आणि त्याचा तेवढाच तुकडा दीडशे किलोच्या वर जातो, त्यामुळे या दोघांत गफलत होणार नाही. वजनाला लांबीने भागून मीटरमागे किलो काढा आणि त्याला 2.016 ने गुणा, म्हणजे यार्डामागे पौंड मिळतात. गंजाने थोडं वजन कमी झालेलं असतं, त्यामुळे 28 किंवा 29 आलं तरी 30 च समजा. रूळ माळवदातून काढता येत नसेल तर उंची, वरच्या डोक्याची रुंदी आणि तळाची रुंदी मोजून ठेवा.

यानंतर रुळाच्या पोटावरची, म्हणजे डोकं आणि तळ यांच्यामधल्या उभ्या पट्टीवरची, उठावदार अक्षरं शोधा. कारखान्याचं नाव, वजन, साल, कधी महिन्यासाठी ओळीने उभ्या रेघा, असं सगळं रूळ लाटतानाच उठवलेलं असतं. तारेच्या ब्रशने धूळ आणि सुटा गंज काढा, ग्राइंडर मात्र अजिबात लावू नका. पांढरा खडू आडवा धरून अक्षरांवरून हलकेच फिरवा. अंधार पडल्यावर टॉर्च बाजूने, भिंतीला जवळजवळ टेकवून धरा म्हणजे अक्षरांच्या सावल्या पडतात, आणि मग फोटो घ्या. दिवसा समोरून काढलेल्या फोटोत बहुधा काहीच दिसत नाही.

दोन गोष्टींनी फसायला होतं. रुळावरचं साल हे रूळ लाटल्याचं साल आहे, मार्ग टाकल्याचं नाही. जुने रूळ दुसरीकडून आणून टाकण्याची पद्धत सर्रास होती, त्यामुळे साल मार्गापेक्षा जुनं निघू शकतं. आणि दुरुस्तीत रूळ बदलले असतील तर ते नवंही निघतं. दुसरं, हलके रूळ साखर कारखाने, खाणी आणि धरणांच्या बांधकामावरही वापरात होते. म्हणून घरात रूळ कोणी आणले, कुठल्या लिलावात घेतले, हे घरातल्या माणसांकडून विचारून घेणं वजनाइतकंच महत्त्वाचं.

लाकडी स्लीपर असतील तर काम आणखी सोपं. या 762 मिलिमीटरच्या, म्हणजे अडीच फुटी गेजचा स्लीपर साधारण दीड मीटर लांब असतो, ब्रॉडगेजचा पावणेतीन मीटर. शेताच्या कुंपणाला उभे केलेले स्लीपर निम्मे जमिनीत गाडलेले असतात, त्यामुळे लांबीपेक्षा खिळ्यांच्या भोकांमधलं अंतर मोजा.

गावचं स्टेशन नेमकं कधी सुरू झालं? शताब्दी साजरी करायची आहे, पण प्रत्येक जण वेगळं साल सांगतो.

मार्गाचा तुकडा कधी उघडला आणि तुमचं स्टेशन कधी उघडलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गोंधळ तिथूनच सुरू होतो. मार्गाची मोठी सालं पक्की आहेत : बार्शी 1897, पंढरपूर 1906, लातूर 1911, मिरज 1927. सगळा मिळून सुमारे 202 मैलांचा, म्हणजे 325 किलोमीटरचा पसारा. तुमचं स्टेशन यापैकी कुठल्या तुकड्यावर आहे ते पाहा. तो तुकडा टप्प्याटप्प्याने उघडला असू शकतो, पण तुमचा टप्पा उघडण्याच्या आधीचं साल असूच शकत नाही. नंतरचं मात्र असू शकतं, कारण लहान थांबे पुढे मागणीनुसार वाढत गेले.

शोध या क्रमाने घ्या. आधी छापील वेळापत्रकं. न्यूमनच्या 'इंडियन ब्रॅडशॉ'चे जुने अंक मोठ्या ग्रंथालयांत आणि काही डिजिटल संग्रहांत मिळतात. दर पाच वर्षांचा एक अंक तपासा. स्टेशनचं नाव ज्या अंकात पहिल्यांदा दिसतं त्याच्या आणि आधीच्या अंकाच्या मधली सालं मग एकेक करून पाहा. शंभर पानं चाळण्यापेक्षा हे लवकर होतं. वेळापत्रकात बार्शी रोडपासूनचे मैल दिलेले असतात तेही टिपून घ्या, पुढे नकाशावर जागा ठरवायला लागतील.

दुसरं, रेल्वे बोर्डाचं 'हिस्टरी ऑफ इंडियन रेल्वेज, कन्स्ट्रक्टेड अँड इन प्रोग्रेस'. त्यात प्रत्येक तुकडा उघडल्याची तारीख मिळते, स्टेशनांची नाही. सोलापूर जिल्ह्याचं मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर अनेक जण उघडतात आणि निराश होतात. तो विसावा खंड 1884 चा आहे, त्या वेळी बार्शी लाइट नव्हतीच. त्यात बार्शी रोडचं वर्णन आणि गाड्या येण्याआधीच्या बाजारपेठांची माहिती मिळेल, तेवढ्यासाठी तो जरूर वाचा.

तिसरं, दफ्तरखाना. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात सार्वजनिक बांधकाम खात्याचे रेल्वे-विषयक खंड आहेत. येडशीपासून लातूरपर्यंतचा बराच भाग निजामाच्या मुलखात होता. त्याचे कागद हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात पाहावे लागतील, आणि तिथे उर्दू वाचणारं माणूस सोबत हवं. मराठवाड्यातल्या गावांनी 1954-55 चं खासरा पत्रकही काढावं. त्यात रेल्वेच्या नावाची जमीन कोणत्या सर्व्हे नंबरात होती ते दिसतं. पश्चिम बाजूच्या गावांसाठी भूमी अभिलेख कार्यालयातला जुना गाव नकाशा आणि टिपण.

चौथं, माहितीचा अधिकार. बरेच अर्ज इथेच वाया जातात. 'आमच्या स्टेशनचा इतिहास द्यावा' असं लिहिलं तर 'अशी माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं उत्तर येतं, आणि कायद्याने ते बरोबरही असतं. माहिती अधिकारी फक्त हाती असलेला कागद देतो, तुमच्यासाठी नवा तयार करत नाही. 'का' असा प्रश्नही चालत नाही. कागदाचं नाव घेऊन मागा : स्टेशनचा प्रमाणित जमीन आराखडा, गेज बदलण्यापूर्वीचे स्टेशन कामकाज नियम, त्या मार्गाची जुनी कामकाज वेळापत्रकं, स्टेशन उघडण्याची किंवा बंद करण्याची अधिसूचना. अर्ज संबंधित विभागीय कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करा. कुर्डुवाडी-लातूरसाठी ते सोलापूर. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, नकलेला ए-फोर पानामागे 2 रुपये. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर 30 दिवसांत पहिलं अपील. जमीन आराखडा मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त, कारण रेल्वेला तो स्वतःच्या हद्दीसाठी जपावाच लागतो.

कागद मिळेपर्यंत शताब्दीच्या पाटीवर साल कोरू नका. दगडावर एकदा कोरलेलं चुकीचं साल पुढच्या पन्नास वर्षांत पुरावा म्हणून वापरलं जातं.

स्टेशन, फ्लॅग स्टेशन आणि हॉल्ट यांत फरक काय? आमच्याकडे पूर्वी मास्तर होते, नंतर गावातलाच एक जण तिकिटं द्यायचा.

तुमच्याकडे जे घडलं तो दर्जा घसरण्याचा नेहमीचा क्रम आहे. जिथे मास्तर पुढच्या-मागच्या स्टेशनशी बोलून 'लाइन क्लिअर', म्हणजे पुढचा रूळ मोकळा असल्याची खात्री, घेतो आणि गाडी सोडतो, ते ब्लॉक स्टेशन. तिथे सांधेवाला, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलून देणारा माणूस हवा, सिग्नल हवेत, तिन्ही पाळ्यांना माणसं हवीत. जिथे गाडी फक्त उतारूंसाठी थांबते, पण ती सोडण्याचा अधिकार त्या ठिकाणाला नसतो, ते फ्लॅग स्टेशन. नियमांच्या भाषेत डी वर्ग. हॉल्ट म्हणजे त्यातलंच सगळ्यात साधं रूप : रेल्वेचा कर्मचारी नाही, गावातला हॉल्ट एजंट कमिशनवर तिकिटं विकतो. तो जवळच्या मोठ्या स्टेशनवरून रोख पैसे भरून तिकिटांचा साठा आणतो. महिनाअखेरीला साठा संपला की नवा येईपर्यंत उतारू बिनतिकीट बसतात आणि विक्रीचा आकडा पडतो. पुढे त्याच आकड्यावर बोट ठेवून थांबा बंद करण्याचा प्रस्ताव येतो. हॉल्ट टिकवायचा असेल तर तिकिटांचा साठा संपू न देणं निवेदनांपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

दर्जा कधी बदलला हे ओळखायची एक खूण आहे : लूप. क्रॉसिंगची दुसरी जोडी उखडली गेली तेव्हाच ते ब्लॉक स्टेशन राहिलं नाही. फलाटासमोर मोकळी पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना खडीचा निमुळता पसारा आणि जवळच तारा ओढण्याच्या कप्प्यांचे लहान लोखंडी खुंट, असं दिसलं तर तिथे सांधे आणि सिग्नल होते.

विदर्भातली शकुंतला याच्या टोकाचं उदाहरण. मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर या मार्गांवर शेवटच्या काळात मधल्या स्टेशनांवर माणसंच नव्हती. तिकीट देण्यापासून इंजिन जोडण्या-सोडण्यापर्यंत सगळं गाडीबरोबरचे मोजके कर्मचारी करत. समोरून दुसरी गाडी येण्याची शक्यताच नव्हती, म्हणून हे चाललं.

आजोबांच्या पेटीत पुठ्ठ्याचं छोटं तिकीट मिळालं. तारीख पुसट आहे. साल कसं काढायचं?

हे एडमन्डसन पद्धतीचं तिकीट, साधारण 57 बाय 30 मिलिमीटरचं. तारीख छापलेली नसते, खिडकीवरच्या लोखंडी यंत्रात कड दाबून उठवलेली असते. म्हणून शाई पुसली तरी पुठ्ठ्यावर दाब राहतो. रुळासाठी सांगितलं तसाच टॉर्च बाजूने धरा आणि भिंगातून पाहा. पेन्सिल घासू नका.

तारीख नाहीच लागली तर बाकीचा मजकूर साल सांगतो. कंपनीचं नाव बार्शी लाइट असेल तर तिकीट 1 जानेवारी 1954 च्या आधीचं, कारण त्या दिवशी सरकारने ही रेल्वे विकत घेतली. मध्य रेल्वे असेल तर त्यानंतरचं. दक्षिण मध्य रेल्वे असं छापलेलं दिसलं तर चुकीचं समजून बाजूला ठेवू नका. सोलापूर विभाग ऑक्टोबर 1966 ते ऑक्टोबर 1977 या काळात दक्षिण मध्य रेल्वेत होता, त्यामुळे असं तिकीट अकरा वर्षांच्या पट्ट्यात नेमकं बसतं. भाडं आण्यांत असेल तर एप्रिल 1957 पूर्वीचं. 'तिसरा वर्ग' असेल तर 1974 पूर्वीचं, कारण त्या साली तो वर्ग गेला. छापलेला साठा संपेपर्यंत वापरला जाई, म्हणून प्रत्येक हद्दीला पुढे काही महिने सोडा.

तिकीट लॅमिनेट करू नका. उष्णतेने पुठ्ठा फुगतो आणि तारखेचा दाब कायमचा जातो. आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवा.

गेज बदलल्यानंतर जुना मार्ग काही ठिकाणी सापडतच नाही. येडशीच्या बाजूला तर नवी लाइन वेगळीच गेली आहे. जुनी कशी शोधायची?

बरोबर पाहिलंत. अरुंद मार्ग धाराशिवला शिवत नव्हता, जिल्ह्याचं ठाणं रुळांपासून बाजूला राहिलं होतं. ब्रॉडगेज करताना आखणी बदलून शहर मार्गावर घेतलं. लातूर ते तेव्हाचं उस्मानाबाद हा भाग 2007 मध्ये सुरू झाला, पुढचा कुर्डुवाडीपर्यंतचा 2008 मध्ये. म्हणून जुन्या वेळापत्रकातले मैल 1.609 ने गुणून आजच्या किलोमीटरच्या दगडांशी जुळवायला गेलात तर हिशेब चुकणार. मैल जुन्या आखणीवरच लावा.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा गेज बदलण्याआधीचा 1:50,000 नकाशा घ्या. त्यावरची रेघ उपग्रहचित्रावर ठेवा. शेतांच्या बांधांमधून जाणारी, कुठेही काटकोनात न वळणारी, एकसारख्या रुंदीची पट्टी दिसेल. काही ठिकाणी ती आता गाडीवाट झाली आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पीक उभं असताना, भरावावरची जमीन लवकर सुकते आणि पट्टी फिकट दिसते. मार्च-एप्रिलमध्ये सगळंच फिकट, त्यामुळे त्या महिन्यांची चित्रं उपयोगाची नाहीत.

जागेवर गेल्यावर मोऱ्या शोधा. भराव शेतात मिसळतो, रूळ लिलावात जातात, पण पाणी अडेल म्हणून दगडी मोरी कोणी काढत नाही. मोरीच्या वरच्या दगडावर कधीकधी क्रमांक कोरलेला असतो. दोन सलग मोऱ्या सापडल्या की मधली रेघ पक्की झाली.

नवं स्टेशन जुन्या इमारतीपासून सरकलेलं दिसतं त्याचं कारण लूपची लांबी. आजच्या पूर्ण मालगाडीला उभं राहायला 686 मीटर मोकळी लूप लागते. अरुंद गाडीचं आवार त्याच्या कितीतरी आत संपायचं, आणि दोन्ही बाजूंना ओढा किंवा वळण असलं तर ते वाढवता येत नाही. मग नवं आवार बाजूला होतं आणि जुनी इमारत एकटी पडते.

चालू रुळांवर मात्र चालू नका. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली तो गुन्हा आहे. आणि सोडून दिलेल्या मार्गावरचा पेंड्रोल (रूळ धरून ठेवणारी क्लिप), खिळा, फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) 'आठवण' म्हणून उचलू नका. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याचा 1966 चा कायदा गंजलेल्या लोखंडालाही लागू होतो. फोटो घ्या, मापं घ्या, वस्तू तिथेच ठेवा.

2016 मध्ये लातूरला पाणी नेणारी रेल्वे याच जुन्या मार्गाने आली होती का?

मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर हाच पट्टा, पण ब्रॉडगेज झालेला. एप्रिल 2016 मध्ये पहिली 'जलदूत' दहा टाक्यांची होती आणि तिने साधारण पाच लाख लिटर पाणी आणलं. अशी चार आसांची टाकी-वाघीण भरल्यावर सुमारे 81 टन भरते, म्हणजे एका आसावर 20 टनांहून जास्त. बार्शी लाइटच्या 5 टनी आसांवर तेवढा भार वाहायला सोळा आस लागले असते. गेज बदललं नसतं तर मिरजेत पाणी भरून ते वाटेत उतरवावं लागलं असतं. जुन्या गाडीबद्दल आम्हाला मनापासून माया आहे, तरी गेज बदलायला नको होतं असं म्हणणाऱ्यांनी ही दहा टाक्यांची गाडी विसरू नये.

निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. काय विचारावं?

'तेव्हाच्या आठवणी सांगा' असं विचारलं की सगळे सारखंच बोलतात. कामाबद्दल विचारा. इंजिनाला पाणी कुठे घ्यायचे? राख कुठे टाकायचे? रात्री सिग्नलचे दिवे कोण लावायचं, रॉकेल किती मिळायचं? आषाढीला जादा गाड्या कशा लागायच्या, त्या वेळी क्रॉसिंग कुठे व्हायचं? पुरात रूळ कुठे वाहून जायचा? गँगचा मुकादम, चावीवाला, सांधेवाला यांचे पट्टे कुठून कुठपर्यंत होते? राख टाकायची जागा कळली तर ती आजही काळ्या मातीखाली सापडते, आणि तिथून इंजिन नेमकं कुठे उभं राहायचं ते ठरतं.

शक्य असेल तर त्यांना स्टेशनच्या जागेवर नेऊन बोलतं करा. सोबत जमीन आराखड्याची मोठी प्रत ठेवा आणि सांगतील ते पेन्सिलने तिच्यावर मांडा. सेवापुस्तकातल्या बदल्यांच्या तारखा विचारा, म्हणजे 'मी होतो तेव्हा' याला साल मिळतं. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना वाघिणींबद्दल वेगळं विचारा, त्यांची माहिती स्टेशनवाल्यांपेक्षा निराळी असते. बोलणं फोनवर रेकॉर्ड करताना आधी परवानगी घ्या आणि फाइलच्या नावात गाव, तारीख आणि हुद्दा लिहा.

जुनी स्टेशनची इमारत पडायला आली आहे. ग्रामपंचायतीला वाचनालयासाठी मिळेल का?

इमारत रेल्वेची आहे, त्यामुळे ग्रामपंचायतीने परस्पर दुरुस्ती करायला जाऊ नये. पैसे खर्च होतील आणि हक्क काहीच राहणार नाही. आधी जमीन आराखड्यावरून इमारत अजून रेल्वे हद्दीत आहे ना ते पक्कं करा. मग ग्रामसभेचा ठराव, चारही बाजूंचे फोटो, मोजमापांचा साधा नकाशा आणि वापराचा प्रस्ताव जोडून विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे भाडेपट्ट्यासाठी अर्ज करा. छप्पर गळत असेल तर निकाल लागेपर्यंत निदान फुटलेल्या कौलांच्या जागी कौलं बसवण्याची परवानगी वेगळ्या अर्जाने मागा. भिंती पावसाने पडतात त्या वरून पाणी आत शिरल्यामुळे. उतरवलेली मंगलोरी कौलं फेकू नका, मागच्या बाजूला कारखान्याचा ठसा असतो. त्यावरून इमारतीचं साल मात्र काढू नका, कौलं दर काही वर्षांनी बदलली जात. परवानगी मिळायला वेळ लागेल, म्हणून मोजमापं आणि फोटो या पावसाळ्याआधी करून ठेवा.